प्रमेहचिकित्सेतील 'नियुद्ध' : प्रौढ रुग्णांसाठी युद्धकलांचा व्यायाम

मधुमेहाचा रुग्ण चिकित्सालयात येतो. नाडी, जिव्हा, मल-मूत्र यांची परीक्षा होते, रक्तशर्करेचा अहवाल पाहिला जातो आणि औषधयोजना लिहिली जाते. औषधाची मात्रा, सेवनकाल, अनुपान, पथ्यापथ्य हे सर्व आपण काटेकोरपणे नोंदवतो. व्यवस्थापत्रकाच्या शेवटी मात्र 'नियमित चालणे' एवढीच एक मोघम ओळ असते. किती चालावे, कोणत्या गतीने चालावे, कोठे थांबावे, याचा उल्लेख नसतो. पहिले पंधरा दिवस रुग्ण उत्साहाने चालतो, मग पाऊस, पाहुणे, कचेरीचे काम अशी एकेक निमित्ते पुढे येतात आणि तो व्यायाम सुटतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख इतकी आहे. एवढ्या मोठ्या व्याधीत ज्या उपक्रमाला चिकित्सेचे अंग मानले आहे, तो इतक्या सैलपणे लिहिला जावा ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आचार्य सुश्रुतांनी याबाबत असा सैलपणा ठेवलेला नाही. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रथम ते सहज व अपथ्यनिमित्तज असे प्रमेहाचे दोन भेद करतात. सहज प्रमेही बहुधा कृश असतो, त्याची चिकित्सा बल राखून करावयाची असते. अपथ्यनिमित्तज प्रमेही बहुधा स्थूल असतो, त्याला अपतर्पण सांगितले आहे. पुढे प्रवृद्ध प्रमेहासाठी व्यायाम, नियुद्ध, क्रीडा, हत्ती, घोडा व रथ यांवरील संचार, पायी भ्रमण आणि अस्त्रशस्त्रांचा अभ्यास यांचा ते स्पष्ट निर्देश करतात. निर्धन रुग्णाला पादत्राणे व छत्री न घेता शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावयास सांगतात. म्हणजे चालण्याचाही उपदेश आहे, पण तो परिमाणासह आहे. आणि चालण्याच्या जोडीने 'नियुद्ध' म्हणजे बाहुयुद्ध व शस्त्राभ्यास यांनाही चिकित्सेत स्थान आहे.

आज शहरांतून व तालुक्याच्या गावांतूनही कराटे, ज्यूदो, ताई-ची, लाठी-काठी यांचे वर्ग चालतात आणि चाळिशी-पन्नाशीचे स्त्री-पुरुष त्यांत जाऊ लागले आहेत. 'वैद्यराज, मी कराटे शिकू का?' असा प्रश्न आपल्यापुढे येतो, तेव्हा शास्त्राधारे व सावधपणे उत्तर देता यावे, यासाठी हे विवेचन.

अर्धशक्ती : मात्रेचा मूळ सिद्धांत

आचार्य चरकांच्या मते शरीराला स्थैर्य देणारी व बल वाढविणारी इष्ट चेष्टा म्हणजे व्यायाम, आणि तो मात्रेनेच करावयाचा आहे. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायामाचे लाभ सांगताना शरीराचे लाघव, कार्यक्षमता, अग्निदीप्ती, मेदाचा ऱ्हास व अवयवांचा घट्टपणा यांची गणना केली आहे. त्याचबरोबर, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेसुद्धा शीतकाळात व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, असा दंडक घातला आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर व छर्दी उत्पन्न होतात. हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा स्वतःच नाश पावतो, तशी अतिसाहस करणाऱ्याची गती होते, हा त्यांचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे.

अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुतांनी याचे सुलभ लक्षण दिले आहे. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे नाकाने श्वास पुरेनासा होऊन तोंडाने घ्यावा लागला, की बलार्ध झाले असे जाणावे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुख कोरडे पडणे ही लक्षणेही परंपरेने मानली गेली आहेत. आधुनिक व्यायामशास्त्रातील बोलण्याची कसोटी याच्या अगदी जवळ जाते. पूर्ण वाक्य सहज बोलता येते तोवर श्रम मध्यम, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की श्रम तीव्र, असे ती सांगते. या लक्षणाचा आणखी एक व्यावहारिक उपयोग आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्या रुग्णाची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे फसवे ठरते. अशा रुग्णात श्वासाचे लक्षणच अधिक विश्वासार्ह होय.

युद्धकलांच्या संदर्भात मात्रेचा विचार विशेष आवश्यक आहे. शारीरिक श्रमांच्या मापनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २०११ च्या कोष्टकात स्वस्थ बसण्याच्या तुलनेत प्रत्येक क्रियेला किती पट ऊर्जा लागते ते दिले आहे. बेताच्या गतीने चालण्यास सुमारे ३.५ पट, ताई-चीला ३ पट, नवशिक्याने संथ गतीने केलेल्या कराटे-ज्यूदोसारख्या कलांना ५.३ पट आणि त्याच कला नेहमीच्या गतीने केल्यास १०.३ पट. कलेचे नाव एकच, पण श्रम जवळजवळ दुप्पट. म्हणून 'कराटे चालेल का?' या प्रश्नाला केवळ होय वा नाही असे उत्तर देणे अपुरे आहे. कोणत्या मात्रेत, हे सांगणे हेच वैद्याचे काम.

युद्धकलांचे वैशिष्ट्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंचे बल वाढविणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल व बल सुधारणारा मिश्र व्यायाम आठवड्यातून तीन दिवस असावा. नुसत्या चालण्याने यांपैकी पहिली अपेक्षा पूर्ण होते, पुढच्या दोन राहून जातात. युद्धकलेच्या सरावात पवित्रा घेऊन गुडघ्यांत वाकणे, एका पायावर भार तोलणे, कमरेतून वळणे, हात व दृष्टी यांचा मेळ साधणे हे सर्व एकत्र घडते. आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनच्या साहाय्यावाचूनही रक्तातील शर्करा ग्रहण करतात. त्यामुळे मांड्या, नितंब व पाठ यांचे मोठे स्नायू राबविणारा व्यायाम प्रमेहात विशेष इष्ट आहे.

दुसरे वैशिष्ट्य मनाशी निगडित आहे. चालण्यात शिकण्यासारखे फार उरत नाही. विद्येत मात्र आजचा धडा उद्या पुढे न्यावयाचा असतो, गुरू वाट पाहत असतो, जोडीदार हजेरी विचारतो. अपथ्यनिमित्तज प्रमेहातील आळस व अतिनिद्रा यांवर असा बाह्य नियम उपकारक ठरतो.

कळरी : सराव व उपचार एकाच छताखाली

व्यायाम व चिकित्सा यांचे एकत्र जतन झालेली परंपरा पाहावयाची असेल तर केरळातील कळरीपयट्टूकडे पाहावे. उत्तर केरळातील पारंपरिक कळरी जमिनीच्या पातळीखाली खोदलेली, सुमारे ४२ फूट लांब व २१ फूट रुंद, पूर्वाभिमुख अशी असते. तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची 'पूत्तरा' असते. शिक्षणाचा आरंभ शस्त्राने होत नाही. प्रथम 'मेय्‌त्तारी' म्हणजे अंगसाधना, नंतर 'कोलत्तारी' म्हणजे काष्ठशस्त्रे, त्यानंतर 'अंकत्तारी' म्हणजे धातूची शस्त्रे, असा क्रम आहे. शरीर तयार झाल्याशिवाय पुढची पायरी दिली जात नाही. विसाव्या शतकात लोप पावू लागलेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन कोट्टक्कल कणारन गुरुक्कळ व त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन नायर यांनी केले.

या परंपरेतील गुरुक्कळ हा शिक्षक असतो, तसाच मर्मज्ञ उपचारकही असतो. 'उळिच्चिल' या तैलमर्दनाने तो शिष्याचे शरीर तयार करतो, मुरगळणे व मार यांवर लेप-बंध करतो. येथे वैद्यांना एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या ऋतुचर्येत वर्षाऋतूत श्रम वर्ज्य सांगितले आहेत, कारण त्या काळी बल हीन व वात प्रकुपित असतो. कळरीच्या शिक्षणाचा परंपरागत काळ मात्र पावसाळाच. याची संगती मर्दनात सापडते. त्या काळात रोज अंगभर तेल लावले जाते, मर्दन होते, आहार-विहाराचे नियम पाळले जातात आणि सरावाची वाढ क्रमाने होते. व्यायामाने वाढू शकणारा वात स्नेहाने आवरला जातो. म्हणजे शास्त्राचा नियम येथे मोडलेला नाही, त्याची अट पूर्ण करून घेतली आहे. स्नेहन, मर्दन व नियमपालन यांची व्यवस्था नसलेल्या आपल्या रुग्णांना मात्र पावसाळ्यात नव्याने कष्टाचा सराव सुरू करू देऊ नये. हेमंत हाच आरंभाचा उत्तम काळ.

वडकर येथील मीनाक्षी अम्मा यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि त्या शिकवीत होत्या. हे उदाहरण प्रेरक खरेच, परंतु त्यांनी सातव्या वर्षी आरंभ केला होता हे विसरू नये. सात्म्य झालेला व्यायाम आणि पन्नाशीत प्रथमच आरंभलेला व्यायाम यांची मात्रा एक नव्हे.

महाराष्ट्रातील तालीम व लाठी

आपल्याकडेही ही परंपरा दुबळी नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, ते १९१२ साली पूर्ण झाले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' मराठीत सिद्ध केला. लाठी, फरी-गदका, पट्टा, विटा या मर्दानी खेळांचे शिक्षण कोल्हापूर व इतरत्र आजही दिले जाते.

प्रौढ नवशिक्यासाठी यांपैकी लाठी सर्वांत सोयीची होय. खर्च अल्प, अंगणभर जागा पुरे, आणि एकट्याने फिरविण्याच्या सरावात परस्परांना मार लागण्याचा धोका नाही. मनगट, खांदा, कंबर व पाय यांना एकत्र चालना मिळते, गतीही आपल्या हाती राहते. आखाड्यातील कुस्ती मात्र ज्याने तरुणपणी माती अंगाला लावली आहे त्यानेच, तीही जुन्या वस्तादाच्या देखरेखीखाली आणि झटापट टाळून करावी. एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. शेकडो जोर व बैठका काढणाऱ्या पैलवानाला दूध, तूप, बदाम यांचा खुराक पचतो. आठवड्यातून तीन तास सराव करणाऱ्या स्थूल प्रमेही गृहस्थाने तोच खुराक घेतला, तर चिकित्सेचा हेतूच फसतो.

प्रकृती व वयानुसार निवड

कफप्रधान, स्थूल, मंदाग्नी व चाळिशीतील रुग्णास लाठी, कराटेतील पवित्रे व एकट्याने करावयाचा क्रमबद्ध सराव द्यावा. पित्तप्रधान रुग्णास सकाळची थंड वेळ निवडावी व स्पर्धात्मक लढती टाळाव्यात. ईर्ष्येमुळे अर्धशक्तीची मर्यादा प्रथम याच रुग्णाकडून ओलांडली जाते. वातप्रधान, कृश, संधिशूल असलेल्या रुग्णास आघात व उड्या असलेली कला देऊ नये.

वाग्भटांनी वात-पित्ताच्या व्याधींनी ग्रस्त, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. परंतु शरीराला फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणाची सुश्रुतांनी प्रशंसा केली आहे. वृद्धांच्या बाबतीत ताई-चीचा विचार या दुसऱ्या कोटीत करावा. चीनमध्ये १९५६ साली तिचा २४ हालचालींचा सुलभ क्रम तयार करण्यात आला, तोच आज सर्वत्र शिकविला जातो. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपवाताच्या १९५ रुग्णांना २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा व्यायाम देण्यात आला. ताई-ची करणाऱ्या गटाचा तोल सर्वांत अधिक सुधारला आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे पडणेही कमी झाले. २०१६ साली 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मधील अभ्यासात गुडघ्याच्या संधिगत वाताच्या २०४ रुग्णांत १२ आठवड्यांच्या ताई-चीचा लाभ फिजिओथेरपीइतकाच आढळला.

ज्यूदोतील एक अंग येथे नमूद करण्याजोगे आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली स्थापिलेल्या या पद्धतीत प्रतिपक्षाला पाडण्याआधी स्वतः सुरक्षित पडावयास शिकवितात. निरोगी, पन्नाशीच्या आतील व्यक्तीने जाड गादीवर, शिक्षकाच्या हाताखाली एवढेच अंग शिकले तरी लाभ आहे. अस्थिसौषिर्य असलेल्यांनी मात्र त्या वाटेस जाऊ नये.

पाठविण्यापूर्वीची परीक्षा

कोणत्याही वर्गाची शिफारस करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) छातीत दडपण, जिना चढताना असाधारण दम, चक्कर, घरात अकाली हृदयरोगाचा इतिहास यांपैकी काही असल्यास प्रथम हृदयरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे.

२) विश्रांतीतील रक्तदाब १८०/११० च्या वर असल्यास आधी त्याचे नियंत्रण करावे. दाब नियंत्रित असला तरी श्वास कोंडून जोर लावण्यास मनाई करावी.

३) इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे घेणाऱ्यांत व्यायामाने शर्करा एकाएकी उतरू शकते. व्यायामापूर्वी ती ९० मि.ग्रॅ.पेक्षा कमी असल्यास काही खाऊनच सराव करावा, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. २५० च्या वर असून मूत्रात कीटोन असल्यास त्या दिवशी सराव नको. या औषधांची मात्रा बदलणे हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. त्यांना व्यायामाची कल्पना देण्याची जबाबदारी आपली.

४) मधुमेहजन्य नेत्रपटलविकृती वाढलेली असल्यास आघात, उड्या व डोके खाली नेणाऱ्या क्रिया वर्ज्य.

५) पायांची संवेदना कमी झालेली असल्यास अनवाणी सराव करू देऊ नये. सुश्रुतोक्त पादत्राणरहित भ्रमण अशा रुग्णाला शब्दशः लागू करणे घातक ठरेल. सरावानंतर रोज तळवे तपासण्यास सांगावे.

६) रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष लढतीत उतरू नये.

मर्मविचार व औषधालयांचे कर्तव्य

सुश्रुतांनी वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी गुल्फ व मणिबंध ही रुजाकर, तर जानु, कूर्पर व अंस ही वैकल्यकर मर्मे होत. घोटा, मनगट, गुडघा, कोपर व खांदा हेच युद्धकलांच्या सरावात वारंवार दुखावणारे सांधे आहेत. घोटा व मनगट यांच्या इजेने दीर्घकाळ वेदना राहते आणि गुडघा व खांदा यांच्या इजेने अंग उणे होऊ शकते, हा भेद शिकविणाऱ्याच्याही कानी घालावा.

दुखावलेला सांधा घेऊन रुग्ण पुष्कळदा चिकित्सालयात न येता थेट औषधालयात जातो व 'चोळायला चांगले तेल द्या' असे म्हणतो. औषधालयाच्या मालकांनी या वेळी बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. त्या पायावर चार पावले टाकता येतात का, आणि सांध्याचा आकार बदलला आहे का? पावले टाकता येत नसतील किंवा आकार बिघडला असेल, तर प्रथम क्ष-किरण तपासणी. ताज्या सुजेवर जोराने चोळणे अपायकारक आहे, हेही सांगावे. तेलाची निवडही सरसकट नसावी. वातप्रधान व कृश व्यक्तीस सरावानंतर नारायण तेलासारख्या तेलाचे हलके मर्दन योग्य. कफ-मेदप्रधान स्थूल प्रमेहीस अभ्यंगापेक्षा कुळीथ, यव, त्रिफळा यांच्या चूर्णाचे उद्वर्तन अधिक युक्त, कारण उद्वर्तन कफहर व मेदाचे विलयन करणारे आहे. कफग्रस्त व अजीर्णी यांस अभ्यंग निषिद्ध आहे, हे आपण जाणतोच.

काही औषधालये स्थानिक वर्गांच्या सहकार्याने शिबिरे घेतात. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु हस्तपत्रकावर 'मधुमेह बरा होतो' असे छापू नये. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातीस मनाई आहे. बल वाढविण्याच्या नावाने येणारी, घटकांचा उल्लेख नसलेली चूर्णे वर्गातील मंडळींना विकू नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते, आणि मधुमेहीत स्टेरॉइडने शर्करा भडकते.

व्यवस्थापत्रकाचा नमुना

अठ्ठेचाळीस वर्षांचा, स्थूल, कफप्रधान, केवळ मेटफॉर्मिन घेणारा, रक्तदाब व हृदय ठीक असलेला रुग्ण आहे असे समजू. त्यास पुढीलप्रमाणे लिहून द्यावे. आरंभ हेमंतात, वेळ सकाळची, मलमूत्रविसर्जनानंतर व आदल्या दिवशीचे अन्न जिरले असता. पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे. त्यांत १० मिनिटे सांधे मोकळे करणे, १५ मिनिटे पवित्रे व हलकी लाठी, ५ मिनिटे शांतपणे श्वास स्थिर करणे. दुसरा महिना ४० मिनिटे. तिसरा महिना ५० मिनिटे, त्यांतच दोन दिवस भिंतीच्या आधाराने जोर व खुर्चीच्या आधाराने अर्ध्या बैठका. उरलेल्या दिवशी चालणे, म्हणजे आठवड्याची १५० मिनिटे भरतील. तोंडाने श्वास सुरू होताच थांबणे. तीन महिने लढत नाही, स्पर्धा नाही. ज्वर, अजीर्ण, जागरण झाले असल्यास त्या दिवशी सुट्टी. दर महिन्यास वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी.

सहज प्रमेही, कृश व बलहीन रुग्णास हा नमुना लागू नाही, हे वेगळे सांगावयास नकोच.

नियुद्ध सांगताना रुग्णाने योद्धा व्हावे अशी आचार्यांची अपेक्षा नव्हती. त्याचा मेद झडावा, अग्नी जागा व्हावा आणि बल टिकावे एवढाच हेतू होता. आपल्या परिसरात लाठी, कराटे किंवा ताई-ची शिकविणारे जे शिक्षक असतील त्यांची भेट घेऊन, प्रौढ रुग्णांसाठी स्वतंत्र संथ वर्ग ठेवण्याची विनंती सभासद वैद्यांनी करावी. शिक्षक कला जाणतो, वैद्य बल व मात्रा जाणतो. दोघांचे बोलणे झाले, तर व्यवस्थापत्रकावरील त्या शेवटच्या ओळीला औषधाच्या ओळीइतकेच वजन येईल.